पैकीच्या पैकी

न्यू जर्सीतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात माझं काम काय, तर केमो चालू असलेल्या पेशंटना विचारत फिरायचं: चिनी पद्धतीचा झाडपाला, काढे, सुया, हे तुम्हाला कितपत चालेल? एक ते पाचमधला आकडा सांगा. ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला आकडा विचारायचा! पण नोकरी आहे, करते.

जवळच्या एडिसन गावच्या एक काकू होत्या. मुलगा त्यांना हॉस्पिटलात सोडून कामावर जायचा. माझं मराठी ऐकून त्यांनी हातच धरला. "अगं बाई, आपलं माणूस!" मी फॉर्म काढला. 'या सर्वेतून कोणतंही औषध मिळणार नाही' ही ओळ मी इंग्रजीतच भराभर वाचली, कारण माझं लंच राहिलं होतं. त्यांनी मान डोलावली.

कडू काढा चालेल? "पाच." सुया? "पाच." विश्वास वाटतो?

"पाचच लिही. हात आखडू नकोस."

मी हसले. "काकू, पैकीच्या पैकी!" त्या चक्क लाजल्या. जन्मात पहिल्यांदाच मिळाले म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्यांनी हळूच विचारलं, "यादी लागली का गं?"

"कसली यादी?"

"त्या औषधाची. माझा नंबर लागेल ना?"

काकूंना ती ॲडमिशन वाटली होती. ज्याला मार्क जास्त, त्याला सीट. आपल्याकडे दुसरं शिकवलंय काय? केमोची सुई टोचताना डोळे गच्च मिटणाऱ्या बाईने सुयांना पाच दिले होते, ते जगायला मिळावं म्हणून.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. "अजून नाही लागली हं," म्हटलं. तीन वेळा म्हटलं. भित्री मेली मी, दुसरं काय!

मग डॉक्टरांनी केमो थांबवली. आता उपयोग नाही म्हणाले. बाहेर मुलगा भिंतीला टेकून रडत होता आणि व्हीलचेअरमधून काकू त्याच्या पाठीवर हात फिरवत होत्या. "रडतोस काय वेड्या? इथलं एक औषध राहिलंय अजून. हिला विचार, मला पैकीच्या पैकी आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खरं काय ते सांगितलं. काकूंना कळू नये म्हणून, पुन्हा इंग्रजीतच.

"काय म्हणतेय रे ती?" काकूंनी विचारलं.

त्याने बाहीने डोळे पुसले. "पुढच्या यादीत नाव आहे म्हणतेय, आई."