मार्थाताईंची मध्यस्थी

मी बार्शीला लेकीकडे होते. सकाळचा चहा अजून गॅसवर होता आणि रशीदभाईंचा फोन आला. रशीदभाई म्हणजे मार्थाताईंच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी, टेम्पोवाले. एरवी खणखणीत बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आधी नुसता श्वासच ऐकू येत राहिला. "टीचर... मार्थाबाई गेल्या. दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडलं न्हाय. आमी आत जाऊन बघितलं तर..." मिळेल ती एसटी धरून मी सोलापूरला निघाले. वाटेतलं वैराग गाव मागं पडलं, तरी माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघाला नव्हता.

त्याला आता महिना उलटून गेला.

मार्थाताई साळवे मूळच्या मोडनिंबच्या. नर्सिंग शिकायला सोलापुरात आल्या आणि इथल्याच एका जुन्या दवाखान्यात निवृत्त होईपर्यंत राहिल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मी शाळेत शिक्षिका; आमची ओळख चर्चच्या महिला मंडळातली, पण पुढे ती सख्ख्या बहिणींसारखी झाली. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना असते, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणं. ती कित्येक वर्षं मार्थाताईंकडे होती. इतर कोणी उभं राहिलं तर 'जगातील सर्व दुःखितांचं सांत्वन कर' एवढ्यावर भागायचं. मार्थाताईंना ते चालत नसे. त्या आठवडाभर पेपर वाचायच्या, बातम्या ऐकायच्या, आणि रविवारी एकेका देशाला, एकेका जमातीला नावानं हाक मारल्यासारखं मागायच्या. सुदानमध्ये लेकरू पाठीशी बांधून वाळवंट तुडवणाऱ्या बाईला आज सावली मिळू दे. काँगोतल्या खाणीत उतरलेला पोरगा संध्याकाळी वर येऊ दे. घरी 'लई' आणि 'न्हाय' बोलणारी ही बाई देवापुढे उभी राहिली की तिची भाषा बदलायची, आवाज बदलायचा... आणि लांबत जायचं. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू व्हायची. एकदा चर्चच्या पंचकमिटीतले गायकवाड सर बाहेर आल्यावर म्हणालेच, "बाई, आपल्या नळाला पाणी नाही, त्याचंही जरा मागा की."

"सर, नळासाठी महापालिका हाय," मार्थाताई चप्पल घालता घालता म्हणाल्या. "त्या लोकान्ला कोण हाय?"

होइनू त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आली ती अशाच एका उन्हाळ्यात. ईशान्येकडच्या डोंगरांतली मुलगी, इथल्या एका खाजगी रुग्णालयात नर्स. चर्चच्या मंडळीत कोणालाच तिचं नाव नीट घेता येईना, सगळे तिला हिना म्हणू लागले. मार्थाताई मात्र पुन्हा पुन्हा म्हणून शिकल्या. दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खायच्या, आणि होइनू आपल्या गावच्या धुक्याबद्दल मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. मार्थाताई तेव्हा जितक्या हसायच्या तितक्या हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग तिच्या गावाकडे दंगे पेटले. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या दोन जमाती एकमेकींवर उठल्या. होइनूचं घर जळालं, आई छावणीत गेली. पहिल्या रविवारी मार्थाताईंनी तिच्या लोकांसाठी मागितलं, तेव्हा चर्चमध्ये अनेकांचे डोळे ओले झाले. दुसऱ्या रविवारी त्या पुढे म्हणाल्या, "आणि हे दयाळू पित्या, त्या दुसऱ्या जमातीचीही आठवण ठेव. ज्यांची घरे जळाली त्यांची, आणि ज्यांनी जाळली त्यांचीही." होइनू बाकावरून उठली आणि सरळ बाहेर गेली.

मी मार्थाताईंबरोबर त्यांच्या घरी पोचले तेव्हा होइनू दारातच उभी होती. "आंटी, उन्होंने मेरा घर जलाया. उनके लिए भी माँगती हो?"

"त्यांची बी लेकरं मेलीत गं."

"तो फिर भगवान किसकी सुनेगा? हमारी या उनकी?"

मार्थाताईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तो होइनूनं बाजूला सारला.

थोड्याच दिवसांत होइनू आईला आणायला निघाली. सगळ्यांनी विनवलं, जाऊ नको म्हणून. तिनं ऐकलं नाही. स्टेशनवर मार्थाताईंनी भाकरी-चटणीचं गाठोडं तिच्या हातात दिलं. गाडी हलायच्या आधी तिनं खिडकीतून मार्थाताईंचा हात घट्ट धरला. "आंटी, मेरे लिए माँगना. सिर्फ मेरे लिए."

आणि मार्थाताईंनी तसंच केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सारं जग बाजूला ठेवलं. सुदान नाही, काँगो नाही, डोंगरातली कुठलीच जमात नाही. रविवारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रभू, होइनूला घरी आण." एवढंच म्हणून बसल्या. मागच्या बाकांवर त्या दिवशी कोणी चुळबुळलं नाही.

गुवाहाटीहून होइनूचा फोन आला. मग डोंगर चढायच्या आधी एका गावातून आला, आवाज तुटत होता. त्यानंतर फोन बंद. तिच्या रुग्णालयातल्या लोकांनी चौकशी केली, आमच्या पाळकांनी तिकडच्या चर्चमधून माग काढायचा प्रयत्न केला. आई छावणीतच होती, लेक तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. वाटेत एक गाडी अडवली होती, असं कोणीतरी म्हणालं. त्या गाडीत होइनू होती की नव्हती, ते कोणीच सांगू शकलं नाही. मार्थाताई रोज सकाळी तिचा नंबर लावायच्या. बंद असल्याची ती ठरावीक टेप पूर्ण ऐकायच्या, आणि मगच चूल... म्हणजे गॅस पेटवायच्या.

कित्येक महिन्यांनी एका सकाळी तो फोन लागला. मी तिथेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते मला अजून दिसतं. पलीकडून एक पुरुष बोलला. चांगला माणूस होता बिचारा. त्यानं समजावून सांगितलं, की माताजी, सिमकार्ड नवं आहे, कंपनीनं हा नंबर मला दिलाय. मार्थाताई त्यालाही "सांभाळून राहा बाबा" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या रविवारी त्या मध्यस्थीसाठी उभ्या राहिल्या. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. वर पंखे फिरत होते. आम्ही डोळे मिटून वाट पाहत होतो... आणि त्या काही न बोलता खाली बसल्या. उरलेली प्रार्थना पाळकांनी केली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ओट्यावर बसलो. मग त्या म्हणाल्या, "शालन, जगासाठी मागत हुते तवा मला वाटायचं, तो ऐकतो. का, तर पुढं काय झालं ते मला कधी कळायचंच न्हाय. ती वाळवंटातली बाई जगली का मेली, मला काय ठावं? मी आपली आमेन म्हणून घरला यायची, जेवायची, झोपायची. एकीचंच कळलं बघ... आन्‌ तिचं असं झालं."

"ताई, कळलंय कुठं अजून?" मी म्हटलं. माझा मलाच आवाज खोटा वाटला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्ये बी न्हाय."

त्यानंतर त्या चर्चला येत राहिल्या, पण मध्यस्थी पुन्हा केली नाही. पाळक विनवायला घरी गेले, तेव्हा म्हणाल्या, "साहेब, ज्याच्याकडं शब्द हाईत त्याला सांगा." त्यांच्या स्मरणसभेत बोलणारा प्रत्येक जण म्हणाला, की मार्थाबाई शांतीनं प्रभूत झोपी गेल्या. बायकांबरोबर मी त्यांना शेवटची अंघोळ घातली होती. मी पाहिलेला चेहरा शांत नव्हता. आता मध्यस्थीची प्रार्थना दोन वाक्यांत संपते आणि उपासना वेळेवर सुटते.

गेल्या आठवड्यात पुण्याहून त्यांचा भाचा घर रिकामं करायला आला. मी मदतीला गेले होते. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून त्यानं एक काचेची बरणी काढली, झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. "काय आहे हो हे, मावशी? फेकू का?" मी पाहिलं. कोवळ्या बांबूचं लोणचं. होइनूच्या आईच्या हातचं, होइनूनं पहिल्यांदा येताना आणलेलं. त्याचा वास मार्थाताईंना कधीच सोसला नाही; त्यांनी ते एकदाही चाखलं नव्हतं.

लोणच्यावरचं तेल फोडी पितात. वरून घालत राहिलं नाही तर फोडी उघड्या पडतात आणि बुरशी धरते. मी बरणी खिडकीशी उजेडात नेली. फोडी काळ्या पडल्या होत्या, पण सगळ्या बुडालेल्या होत्या. वरचं तेल ताजं होतं.