वरची सहा, खालची सहा

बोलता बोलता ते दोन्ही तळहात पुढे धरायचे. एक छातीशी, दुसरा पोटाशी, दोन्ही आडवे. "हे वरची लीग, हे खालची," म्हणायचे. मग वरचा हात खिशात घालायचे आणि खालचा तसाच हवेत ठेवून सांगायचे, "आपली गोष्ट याची हाय." टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, समोर कोण आहे हे न पाहता.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याच्या विषयाला आपण आधी हसतो, मग कंटाळतो, आणि एक दिवस आपल्याला त्यातलं सगळं पाठ असतं.

आमच्या या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. गोरेगावच्या बाहेर एका राइस मिलमध्ये ते यंत्रांची देखभाल करत. त्यांचं गाव तिथून सायकलनं अर्ध्या तासावर, एका जुन्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठी. ती बोडी त्यांच्याच पूर्वजांनी खोदलेली, पण हे ते कधी आपणहून सांगत नसत. माझं तेव्हा बाजाररस्त्यावर इंटरनेटचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, आणि लाइट असली तर तिन्ही चालू.

एका सोमवारी मिस्त्री आले आणि त्यांनी घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर कुणीतरी इंग्रजी अक्षरांत एक पत्ता लिहून दिला होता. मी तो टाकला. पान उघडलं तर सगळं जपानी. आकडे तेवढे आपले वाटत होते. मिस्त्रींनी काचेवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ खाली येत गेले. शेवटून तिसऱ्या ओळीवर थांबले.

"हाय. जाग्यावर हाय," ते म्हणाले आणि समाधानानं खुर्चीत मागे टेकले.

"काय आहे?"

"साहेबाची टीम."

मिलमध्ये काळा दाणा वेचणारं मशीन जपानहून आलं होतं. ते बसवायला एक जपानी इंजिनीयर पंधरा दिवस राहिला. त्याला हिंदी येत नव्हती, मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हती, तरी दोघांचं जमलं. एकदा दुपारच्या सुट्टीत त्यानं पाकिटातून फोटो काढला. बायको, दोन मुलं, सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाचे गळपट्टे, मागे पाऊस आणि फुटबॉलचं मैदान. हे काय, असं मिस्त्रींनी खुणेनं विचारलं, तेव्हा त्यानं मशीनच्या झाकणावर नट-बोल्ट मांडले. मोठे वर, लहान खाली. लहानांपैकी पहिले दोन उचलून मोठ्यांत ठेवले. मोठ्यांतले शेवटचे दोन खाली आणले. मग लहानांतला तळाजवळचा एक नट उचलून स्वतःच्या छातीला लावला.

"मी म्हटलं, साहेब, वर कवा जाईल?" मिस्त्री सांगायचे. "तो हासला. हातानंच नाही म्हणे. मी म्हटलं, मंग पाहाले कायले जाता? तर म्हणते, माय टाउन. बस. दोनच शब्द."

हे दोन शब्द त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवले असतील.

पुढची कितीतरी वर्षं ते सोमवारी येत राहिले. जपानी पानाचं इंग्रजी करायला आम्ही दोघं मिळून शिकलो. खालच्या लीगमध्ये त्या काळी संघ थोडे होते, म्हणून ते एकमेकांशी चार-चार वेळा खेळत. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक. पहिले दोन थेट वर. तिसऱ्याचा नियम मात्र अधूनमधून बदलायचा. कधी त्याला वरच्या लीगमधल्या एका संघाशी झुंजावं लागे, कधी तोही थेट जाई. नंतर संघ बावीस झाले तेव्हा तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे आपसांत खेळून एक जागा ठरवू लागले. त्या सामन्यांत बरोबरी झाली तर वर्षभरात जो वर राहिला तोच पुढे जाई. हा नियम मिस्त्रींना फार आवडायचा. "सालभराची मेहनत एका दिवसात पुसाची नाही," म्हणायचे.

सुरुवातीची बरीच वर्षं त्या लीगच्या खाली कुठंच पडायची सोय नव्हती. शेवटचा आला तो पुढच्या वर्षी तिथंच. मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. मिस्त्रींना वाटलं होतं.

त्याचं कारण दरेकसा या दूरच्या गावची पोरं. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगावी फुटबॉलच्या स्पर्धा भरत. सगळ्या बाद पद्धतीच्या. एका वर्षी जंगलात मजुरी करणारे हे तरुण पहाटेच्या पॅसेंजरनं गोंदियाला आणि तिथून एसटीनं गोरेगावला आले. अकराला सामना सुरू झाला. पाऊण तासात ते चार गोलांनी हरले. बाराला बूट पिशवीत भरून ते बसस्टँडवर बसले होते, कारण परतीच्या गाडीला वेळ होता. मिस्त्री त्यांच्याजवळ जाऊन बसले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला.

"एका हारीनं घरी काऊन धाडाचं?" ते म्हणाले. "बारा गावं पाहा. सहा वर, सहा खाली. सगळे सगळ्याशी दोन-दोनदा खेळतीन. दर इतवारी. खालचा पहिला वर जाईन, दुसरा-तिसरा आपसांत खेळून एक जाईन. वरचे शेवटचे दोन खाली येतीन. अन् खालचा शेवटचा?"

"तो कुठं जाईल?"

"कुठंच नाही जाणार. तो आपलाच हाय."

लोक हसले. बक्षिसाला ढाल नाही, बकरा नाही, फायनल नाही, मग खेळायचं कशासाठी? पण मिस्त्री सायकलवर गावोगाव फिरले आणि दोन हिवाळ्यांनंतर बारा गावं जमली. तक्ता माझ्या दुकानाच्या दारावर लागू लागला. बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसंसुद्धा थांबून आपलं गाव शोधायची. वरच्या गटातल्या पाचव्या गावाला खाली पडायच्या भीतीनं पहिल्यांदाच शेवटपर्यंत घाम फुटला होता. दरेकसा पहिल्या वर्षी दहाच्या दहा सामने हरलं आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा आलं.

घरी मात्र वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कधी मैदानावर फिरकल्या नाहीत. मी गेलो की म्हणायच्या, "यायचा जीव जपानात हाय. जेवाले तेवढे घरी येतेत."

मग परवान्याचा नियम आला. जपानात एक संघ खालच्या लीगमध्ये पाचवा आला, पण त्याचं मैदान वरच्या लीगच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून वर जाण्याच्या सामन्यांत त्याला घेतलंच नाही. मिस्त्रींनी ते पान दोनदा वाचायला लावलं. त्याच हिवाळ्यात आमच्याकडे एका खेळाडूचा पाय मैदानातल्या भेगेत अडकून मोडला होता. त्यांनी सगळ्या कप्तानांची बैठक बोलावली आणि ठरवून घेतलं: वर जायचं तर मैदान सपाट हवं, प्यायला पाणी हवं, कपडे बदलायला आडोसा हवा. सगळ्यांनी हात वर केले. मिस्त्रींच्या गावच्या कप्तानानंही केला. तो कप्तान त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा, ट्रॅक्टर चालवायचा.

पुढच्या हंगामात त्यांचंच गाव खालच्या गटात पहिलं आलं.

त्या गावाचं मैदान म्हणजे आटलेल्या बोडीचं पोट. उतार होता आणि चिखल वाळून हात जाईल एवढ्या भेगा. मिस्त्री दोन परगावच्या कप्तानांना घेऊन पाहणीला गेले. मीही होतो. सगळं गाव पारेवर, बोडीच्या बांधावर, उभं होतं. मिस्त्रींनी मैदानाला एक चक्कर मारली, वाकून एका भेगेत मनगटापर्यंत हात घातला आणि उभे राहिले.

"नाही बसत," ते म्हणाले. "दुसरं गाव जाईन."

"मोठेबाबा," पुतण्या म्हणाला, "आपलं गाव हाय ना हे."

"म्हणूनच दुसऱ्याले नाही सांगू दिलं. मीच सांगून राहिलो."

त्यानंतर गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. बारशाला बोलावणं नाही, समोरून गेले तर राम राम नाही. बोअरिंगवर पाणी भरताना वहिनींना ऐकून घ्यावं लागे. त्या वर्षी ते सोमवारी दुकानात यायचे, पण पान उघडायला सांगायचे नाहीत. नुसते बसायचे. एकदा मी विचारलं, एक वर्ष सूट दिली असती तर काय बिघडलं असतं? "त्या पोट्ट्याचा पाय अजून सरळ नाही पडत," एवढंच म्हणाले.

पुढच्या दिवाळीनंतर गावानं शाळेमागची पडीक जागा साफ करायला घेतली. पुतण्या ट्रॅक्टरनं माती ओढत होता. मिस्त्री फावडं घेऊन गेले आणि एका कोपऱ्यात खणू लागले. दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पुतण्यानं ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि त्यांच्यापुढे चहाचा ग्लास धरला.

"तिकडली माती पोचट हाय, मोठेबाबा. इकडून घ्या."

हे मिस्त्रींनी मला पुढच्या सोमवारी सांगितलं आणि वर्षभरानं पुन्हा ते जपानी पान उघडायला लावलं.

त्या हंगामात गाव तिसरं आलं. दुसऱ्या आलेल्या गावाशी सामना झाला आणि तो बरोबरीत सुटला. मिस्त्रींच्या त्या आवडत्या नियमानं दुसरं आलेलं गाव वर गेलं. मी घाबरून पुतण्याकडे पाहिलं. तो बूट सोडत होता. "बरोबरीत वरचा जाते," म्हणाला, "मालूम हाय आमाले."

पुढच्या हिवाळ्यात, हंगाम अर्ध्यावर असताना, मिस्त्री गेले. सकाळी छातीत दुखलं. जीप गोंदियाला पोचायच्या आतच सगळं संपलं होतं. रविवारचे सामने थांबवायचे का, हे विचारायला कप्तान मंडळी मला घेऊन घरी गेली. वहिनी आतूनच म्हणाल्या, "कायले थांबवता? यायनं कवा कोनाले वापस धाडलं?"

शेवटच्या रविवारी त्यांच्या गावात दरेकसाशी सामना होता. वहिनी जाऊबाईंना घेऊन आल्या आणि मोहाच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो तर त्यांनी कोण कुठं आहे ते विचारलं. मी सांगितलं, आपलं गाव चौथं, वर जायचं नाही.

"अन् हे पाहुणे?"

"शेवटचे."

"मंग यायचं काय होते?"

"काही नाही. पुढच्या साली पुन्हा येतील."

त्यांनी मान हलवली. सामना संपला, दरेकसा दोन गोलांनी हरलं. पोरं बूट पिशवीत भरू लागली, तोच वहिनींनी घरून आणवलेला भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, शाळेच्या पडवीत ठेवला आणि त्यांना ओळीनं बसवलं. गाडी सुटेल, असं कुणीतरी म्हणालं. संध्याकाळची आहे, त्या म्हणाल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा करत त्या पहिल्या पत्रावळीपाशी वाकल्या आणि वाढता वाढता एकेकाला नाव विचारत पुढे सरकू लागल्या.