डॉक्टर ‘होईल’ म्हणाले होते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोशीरला माहेरी गेले की बहिणीजवळ ओठांपर्यंत येतं — आणि गिळून टाकते.

आम्ही लोधिवलीचे. माझे मिस्टर मोहोपाड्याच्या कारखान्यात शिडीवरून पडले, उजव्या घोट्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी स्क्रू घालून घोटा कायमचा जाम केला. पाच महिने ते खाटेवर. त्यांचं सगळं मी केलं — सगळं म्हणजे काय, ते केलेल्यालाच कळेल. आणि दुखणं थांबलं का? नाही. सकाळी पहिलं पाऊल टाकताना ते भिंत धरायचे. मी ओट्याकडे तोंड फिरवायचे.

सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका डॉक्टरांना एक्स-रे पाठवले. त्यांचा फोन माझ्या मोबाइलवर आला. जाम केलेला घोटा सोडवून आत कृत्रिम सांधा बसवता येईल, म्हणाले. खात्री नाही, पण पाय सुधारेल. पुन्हा काही महिने घरी सगळं करावं लागेल — कोण आहे?

कोण असणार? मीच.

मिस्टर दारात बसले होते. माझ्या तोंडाकडे बघत. “काय म्हनले गं?”

“नाय होनार म्हनतात.”

एवढंच. विचार करायलाही थांबले नाही. ते म्हणाले, “बरं. जाऊ दे.” आणि मला काय वाटलं, सांगू? — सुटल्यासारखं वाटलं.

मग रोज ठरवायचे, आज सांगते. आज नाही तर उद्या. एकेक दिवस करत सहा वर्षं गेली, आणि ते त्याच पायावर चालत राहिले.

यंदा पाय टेकवेना, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, घोट्याखालचं हाड खचलंय, आता सांधा धरणार नाही. आधी का नाही आलात?

बोलले ते मिस्टरच — “आमी इचारलं होतं, सायेब. तवा नायच म्हनले होते.” असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

मी थकले होते, हे खरं. पण पाय त्यांचा होता. ठरवायचं त्यांनी होतं.

काल ते न्हाणीपर्यंत बसून सरकत गेले. उंबऱ्याशी थांबले, धाप लागली होती, तरी माझ्याकडे बघून हसले. “लई दमलीस गं तू माझ्यापायी.”

कालही मी सांगितलं नाही.