मेहबूबबीचा उजवा गुडघा

मेहबूबबी,

हे तुला रुक्सार वाचून दाखवील. तिला आधीच सांगून ठेव की रागाची वाक्यं गाळायची नाहीत. सासूचं मन राखायची सवय तिला आहे, मला नाही.

फरहीनच्या लग्नाला मी आले, जेवले, तुझ्या शेजारच्या खुर्चीवर दुपारभर बसले आणि तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी तुझ्या औषधाच्या पुड्या परत दिल्या नाहीत म्हणून रुसलीस. रूस. नातीच्या हातात तुला स्वतः बांगड्या भरायच्या होत्या, तेवढ्यासाठी तू पाच-सहा वर्षं त्या गुडघ्याला नाही नाही ते करून घेतलंस, आणि शेवटी ते झालं नाही. एवढं मला कळतं. पण पुड्या माझ्याकडेच का राहिल्या हे मला तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. मागं एकदा तू म्हणाली होतीस, "आमच्यावर कोन लिवतंय, बाई!" म्हणून हे छापायलाही देणार आहे. वाचणाऱ्याला तू कोण ते ठाऊक नाही. थोडा वेळ त्यांच्याशी बोलते. मध्ये बोलू नकोस.

मेहबूबबी इंदापूरची. बांगड्या भरते. विकते म्हटलेलं तिला खपत नाही. "इकायचं काम दुकानाचं. मी भरते." निरवांगीला माझ्या लग्नात चुडा भरायला तिची सासू आली होती आणि टोपली धरायला ही; नुकतंच लग्न झालेली, माझ्याच वयाची. मी रडत होते. ही वाकून म्हणाली, "आत्ताच समदं रडू नगा, म्होरं लागंल." सासूनं तिला चिमटा काढला. तिथून आमची ओळख. पुढं मी बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, मनगटात घड्याळाशिवाय काही घातलं नाही, मग नवराही गेला. पण बारामतीत आली की ही माझ्याकडं टेकणारच. "तुमी काय माजं गिऱ्हाईक न्हाय, बाई. मीच तुमच्या च्याचं गिऱ्हाईक हाय."

तिची बसायची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डाव्या पायाची मांडी आणि उजवा गुडघा उभा. समोरच्या बाईचं कोपर ती आपल्या उभ्या गुडघ्यावर टेकवून घ्यायची. मग माहेरचं विचारायची, पोराबाळांचं विचारायची, आणि हात हळूहळू जड होऊन गुडघ्यावर पडला की अंगठ्याचं मूळ दाबत, बोटं एकत्र आवळत बांगडी चढवायची. बांगडी कधी गेली ते बाईला कळायचं नाही. "हात हवेत धरला की बाई आंग चोरती. ताठ हाताला काच लागती." म्हणजे इतर बायकांना गुडघा चालायला लागतो, हिला तो धंद्यालाच लागायचा.

आणि तोच गेला. आधी उठताना भिंत लागायची, मग कुणाचा तरी हात, मग एका लग्नघरी ती खाली बसली आणि तिला चौघींनी उचलून उभं केलं. सगळ्या हसत होत्या, तीही हसत होती. घरी जाऊन रुक्सारला म्हणाली, "आज माज्याच मयतीला गेल्यावानी वाटलं."

मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या काळ्या फोटोत दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी ती दिसत नव्हती. डॉक्टर चांगले होते, वेळ देऊन बोलले. सांध्यातली गादी झिजली आहे, ती परत भरून येत नाही. वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, फारच झालं तर सांधा बदलता येईल. हिनं एकच विचारलं.

"बदलल्यावर खाली बसाया यील का?"

"चालाल छान. पण मांडी घालणं, उकिडवं बसणं सोडावं लागेल, आजी."

ही उठली, फोटोचं पाकीट काखेत मारलं आणि बाहेर आली. मी माझे दोन्ही गुडघे बदलून घेतलेले. रिक्षात मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, अगं मूर्ख बाई, माझ्याकडे बघ, मी गच्चीवर चढते.

"तुमचं समदं खुर्चीवर, बाई. जेवान खुर्चीवर, लिवनं खुर्चीवर, द्येवसुदीक तुमचा कपाटात. माजं जमिनीवर हाय."

"नमाज खुर्चीवर बसून चालतो. तूच सांगितलंस."

"नमाज चालतो. अल्लाला कुटनंबी दिसतंय. नवरीचं कोपर कुटं टेकवू?"

म्हटलं, नवरीलाही खुर्चीवर बसव. हा उपाय मला फार हुशारीचा वाटला होता. तिनं तोही करून पाहिला, निरवांगीलाच. खुर्चीवर खुर्ची, मध्ये उशी. उशी घसरली, मुलीनं हात आखडला, बांगडी फुटली आणि काच मनगटात गेली. नवरीच्या हातात चुडा फुटला! घर असं गप्प झालं की, ही म्हणते, चुलीवरच्या दुधाचा आवाज यायला लागला. कुणी रागावलं नाही. पण त्या गावचं बोलावणं पुन्हा आलं नाही.

मग सुरू झाले उपाय. ही बाई दिवसभर दुसऱ्या बायकांचे हात हातात धरून बसणारी. प्रत्येक हात एक औषध सांगून जायचा. आंबट बंद कर, म्हणून कैरी आणि चिंच सोडली. आणि चिंचेसाठी ही बाई भांडण करील अशी होती. वांगं सोडलं. भिजवलेली मेथी खाल्ली. साजूक तुपातले डिंकाचे लाडू खाल्ले आणि वजन वाढवून आली. मी ओरडले की अगं, त्याच गुडघ्यावर तू हे वजन ठेवते आहेस, तर म्हणाली, "हाडाला वंगन लागतं." बोकडाच्या पायाचा रस्सा रुक्सारनं हिवाळाभर शिजवला. पळसदेवहून एक कोळीण मासळीची डोकी आणून द्यायची. रुईची पानं गरम करून बांधली तर कातडीवर फोड उठले. पाठीवर पेले लावून रक्त काढून घेतलं. अबरारनं, तिच्या पुतण्यानं, कसली भुकटी आणली. डब्यावर एक गोरी म्हातारी दोरीवरच्या उड्या मारत होती. अबरार म्हणाला, "चाची, तीन डबं संपू द्या, मग बगा." डबे संपले. डबे चांगले होते, रुक्सारनं त्यात डाळ भरली.

मी हसते आहे, पण मीही तेच केलं. पुण्यात औषधांच्या प्रयोगशाळेत असलेल्या माझ्या विद्यार्थिनीला विचारून ग्लुकोसामाईनच्या गोळ्या आणल्या. ती स्पष्ट म्हणाली होती, "मॅडम, काहींना बरं वाटतं, काहींना नाही, पुरावा धड नाही." तरी आणल्या. काही झालं नाही. खरा उपयोग झाला तो व्यायामाचा. पलंगावर पाय सरळ करून उचलायचा, धरायचा, सोडायचा. तिनं तो मन लावून केला आणि एसटीची पायरी तिला पुन्हा चढता यायला लागली. मी विजयी मुद्रेनं म्हटलं, बघ! ती म्हणाली, "व्हय, चालाया याया लागलं." तिला चालायचं नव्हतं. तिला बसायचं होतं. फरहीनचं लग्न ठरत आलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी पुड्यांचा माणूस सांगितला. कुठल्याशा आठवडी बाजारात बसायचा. कागदाच्या पुड्या, आत पांढरी भुकटी, म्हणे रानातल्या मुळ्यांची. आठवडा झाला नसेल, आणि एका सकाळी मेहबूबबी माझ्या दारात. चप्पल काढली, आत आली आणि माझ्या फरशीवर बसली. डावी मांडी, उजवा गुडघा उभा.

"बगा."

मग हात न टेकता उठली. पुन्हा बसली. लहान मुलासारखी तीनदा उठबस करून दाखवली. मला आधी आनंद झाला, अगदी खरा. चहाचं आधण ठेवताना भीती वाटायला लागली. कुठलीही मुळी इतक्या लवकर हे करत नाही. मी म्हटलं, मेहबूबबी, ही पुडी मला दाखव. तिनं कमरेची पिशवी घट्ट धरली.

"तुमी शिकल्याल्या मानसाला काय गुण आल्यालं बघवत न्हाय."

त्यानंतरचं प्रगतीचं लग्न मी विसरणार नाही. सांगवीच्या सर्जेरावांची नात. ओसरीवर सतरंजी टाकलेली आणि मेहबूबबी पूर्वीसारखी बसलेली, प्रगतीचं कोपर तिच्या गुडघ्यावर. सर्जेराव मुद्दाम बघायला आले.

"चाची, गुडघा नवा बशीवला काय?"

"जुनाच हाय, आबा. तेल-पानी केलंय. तुमचाबी आना, करून दिते."

"माजं इंजानच बसलंय, गुडघ्याचं काय घिऊन बसलीस!"

बायका हसल्या. प्रगती हसता हसता हात विसरली आणि हिरव्या बांगड्या एकामागून एक चढत गेल्या. एकही फुटली नाही. एक बाई कौतुकानं म्हणाली, "चाची, कशी भरलीस गं, गाल वर आल्यात." मी पाहिलं. चेहरा खरंच पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला होता आणि पावलं चपलेच्या पट्ट्यातून फुगून वर आली होती. एवढ्या सुंदर दुपारी मी काय बोलणार होते? तरी परतताना एसटीत बोलले. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

उन्हाळा संपता संपता पायाला चप्पल लागून जखम झाली आणि ती भरेना. तहान, लघवी, भोवळ. दवाखान्यात नेलं तर साखर कुठल्या कुठं गेलेली. डॉक्टर म्हणाले, असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. वेदना मारतं आणि आतून माणूस पोखरतं. एकदम तोडलं तर तेही धोक्याचं, म्हणून त्यांनी आपल्या देखरेखीखाली गोळ्या देऊन हळूहळू उतरवलं. चेहरा उतरला. त्याबरोबर गुडघाही परत आला, आधीपेक्षा दुष्ट होऊन. आता पलंगावरून खुर्ची आणि खुर्चीवरून पलंग. ऑपरेशनचं विचारलं तर डॉक्टरांनीच मान हलवली. साखर आणि पायाची जखम आटोक्यात आल्याशिवाय नाही.

तेव्हा तिनं उरलेल्या पुड्या उशीखालून काढून मला दिल्या. "पुन्याच्या तुमच्या त्या गोळ्यावाल्या पोरीकडं धाडा. काय हाय त्यात ते कळू द्या. मानूस खोटा निगाला तर दुसऱ्या कुनी बाईनं घिऊ नये."

मी शहाणपणा केला. म्हटलं, विष आहे ते, तपासायचं काय.

"आसंल इख," ती म्हणाली. "पर त्यानं मला प्रगतीचा हात दिला. तुमच्या गोळीनं काय दिलं, बाई?"

पस्तीस वर्षं वर्गात उभी राहून उत्तरं दिली मी. त्या दिवशी मी पुड्या पर्समध्ये घातल्या आणि घरी आले.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, मेहबूबबी.

मी पुड्या पाकिटात घातल्या, वर पुण्याचा पत्ता लिहिला. दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकणार होते. सकाळीच तुझा निरोप आला: फरहीनची तारीख धरली, पुड्या परत द्या, एका दिवसापुरत्या. मी रुक्सारला फोनवर म्हटलं, तुझी सासू वेडी आहे. रुक्सार हळूच म्हणाली, "बाई, अम्मा रोज भिंतीला धरून बसायची सवय करत्यात. बसता येत न्हाय. फकस्त वाकत्यात आन् परत सरळ हुत्यात."

परत दिल्या असत्या तर तू सगळ्या घेतल्या असत्यास, एका दिवसात. तुला मी ओळखते. आणि पुण्याला पाठवल्या असत्या तर तुझ्याजवळचा शेवटचा उपाय मी माझ्या हातानं संपवला असता. तेही माझ्यानं झालं नाही. म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्यांना हे वाक्य बोलताना ऐकलं की मी चिडते.

लग्नाच्या आदल्या दिवशी रुक्सारनं फरहीनच्या हातात बांगड्या भरल्या. बऱ्या भरल्या. तू खुर्चीवरून बघत होतीस आणि तुझा अंगठा मांडीवर आपोआप हलत होता, कुणाच्या तरी हाताचं मूळ दाबल्यासारखा. भरून झाल्यावर फरहीन उठली, तुझ्यापुढं वाकली आणि भरलेला हात तिनं तुझ्या उजव्या गुडघ्यावर कोपर टेकवून ठेवला. मला वाटलं, आता तू काही बोलशील.

"काड," तू म्हणालीस, "दुकतंय."

तिनं हात काढला. तुझ्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही. मी समोसे मोजत बसले.

पाकीट माझ्या टेबलावर आहे. पत्ता पुण्याचा आहे, तिकीट लावलेलं नाही. रोज पुसताना उचलते, खालची धूळ झटकते आणि परत तिथंच ठेवते.