कौसामावशीने न लावलेलं दार

कौसामावशी पिक्चरमध्ये अकरा सेकंद होती. त्या अकरा सेकंदांसाठी तिने डायरेक्टरला दिवसभर रडवलं.

आज सकाळी ती गेली.

वय कोणालाच नक्की माहीत नाही. विचारलं की "बक्कळ हाय" म्हणायची.

सख्खी मावशी नाही हो. देवळाली प्रवराजवळच्या आमच्या गावात, आमच्या घराला लागून तिची खोली. मी शाळेतून आले की आधी तिच्याकडे जायचे, मग आईकडे.

पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून ऊसतोडीच्या टोळीबरोबर ती आली होती. टोळी परत गेली, ही मागे राहिली. "मालक वारले," एवढंच सांगितलं. कपाळ कायम मोकळं.

आठ-दहा वर्षांपूर्वी गावात शूटिंग आलं.

गोष्ट अशी, की एक परकी बाई गावात येते, तिचं जुनं काहीतरी लपवलेलं असतं, ते उघडं पडतं आणि गाव तिला हाकलतं. भरपूर रडारड, विजांचा कडकडाट, देवळातली घंटा, सगळं साग्रसंगीत.

गावाचं काम आमच्या गावानेच करायचं होतं. डायरेक्टर म्हणाला, रोजच्या मळक्या कपड्यात या. सगळ्या बायका लग्नातल्या साड्या नेसून हजर! आमच्या मातोश्री तर पैठणीत.

मावशीचा रोल सोपा होता. हिरॉईन दारात येऊन पाणी मागणार, मावशीने तिच्या तोंडावर दार लावायचं. डायलॉग नाही.

पहिला टेक. हिरॉईन म्हणाली, "पाणी..."

मावशी आत गेली आणि तांब्या घेऊन आली. सोबत गुळाचा खडा.

"कट! मावशी, पाणी द्यायचं नाहीये."

"बरं."

दुसरा टेक. परत तांब्या.

तिसऱ्या टेकच्या आधी त्यांनी तांब्याच लपवला. मावशीने आमच्या घरातून कळशी आणली.

अख्खं गाव हसून लोळायचं बाकी होतं.

"मावशी, हे खोटं खोटं आहे हो," डायरेक्टरने हात जोडले.

"आसंल. पर बाई उनात खरीच हुबी हाय न्हवं?"

मग तो बिचारा समजावायला बसला. "मावशी, ही बाई खोटारडी आहे. नवरा जिवंत आहे आणि गावाला सांगते विधवा आहे. तुम्हाला फसवलंय तिने. तुम्हाला राग यायला पाहिजे."

मावशी ओट्यावर खाली बसली. चेहरा पार उतरला.

"मंग मलाबी हाकला," ती म्हणाली. "माझाबी जित्ता हुता. लई मारायचा. म्या खोटं बोलून ऱ्हायले तुमच्यात."

हसणं थांबलं. मावशी ओट्यावरून उठली. पुढे कधीतरी मला म्हणाली, "त्या टायमाला म्या मनातल्या मनात गठुडं बांधलं हुतं."

पैठणी सावरत आई पुढे आली.

"कौसे, आमाला म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"तू आली त्याच्या फुडच्या वर्षी टोळीचा मुकादम आल्ता तुला हुडकत, तुझ्या मालकानं धाडला म्हनून. तू बाजाराला गेल्ती. आमी सांगितलं, आसली बाई आमच्या गावात न्हाई."

"च्या पाजून वाटंला लावला त्याला," मागून एक म्हातारी म्हणाली.

"आन् दर संक्रांतीला तुझ्याफुडं कुंकवाचा करंडा सरकवते, त्यो उगंच व्हय?" आई म्हणाली.

हे मी लहानपणापासून बघत होते. आई करंडा सरकवायची, मावशी मान हलवून बाजूला करायची. मला वाटायचं, आपली आई काय पुढारलेल्या विचारांची आहे! कसली पुढारलेली. तिला सगळं ठाऊक होतं.

सगळ्या गावाला ठाऊक होतं. इतकी वर्षं कोणी तिच्यासमोर ब्र काढला नव्हता. चहाच्या साखरेवरून आठवडाभर भांडणाऱ्या या बायका, यांच्या पोटात एवढं राहिलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

डायरेक्टरने शेवटी तांब्याचाच टेक ठेवला. पिक्चरमध्ये गावातली सगळी दारं लागतात, एक उघडं राहतं. पिक्चर काही चालला नाही. पण ती अकरा सेकंदं मी मोबाईलवर किती वेळा बघितलीत, विचारू नका.

पुढच्या संक्रांतीला मावशीने करंडा पुढे ओढला आणि ठसठशीत कुंकू लावलं.

"कुनाच्या नावाचं गं?" आईने चिडवलं.

"तुझ्या," मावशी म्हणाली.

तेव्हापासून तिचं कपाळ कधी मोकळं दिसलं नाही. मजेत राहिली. खूप हसली.

आज न्यायच्या आधी आईने तिच्या तोंडात पाणी घातलं आणि करंडा उघडला. पाहुण्यांपैकी कोणीतरी हळूच विचारलं, "हिला कुंकू चालतं का?"

आई म्हणाली, "चालतं. माझ्या नावाचं हाय."

सावकाश जा, मावशी. तिकडे कोणी दारात उभं केलं, कुठली म्हणून विचारलं, तर आमच्या गावचं नाव सांग.