आईच्या टाकीचं आवर्तन

"कुणी टाकला? म्होरं या! ह्यात भात कुणी टाकला?"

तात्या ओरडले तेव्हा आमच्या इंदापूरच्या घरात चाळीसएक माणसं बसली होती, आणि चाळीसच्या चाळीस कपांतला चहा जागच्या जागी थिजला. आई जाऊन पाच दिवस झाले होते. पाच दिवसांत माझ्या वडिलांच्या तोंडून निघालेले हे पहिलेच शब्द. आवाज मात्र जुनाच. तात्या कालव्यावर पाटकरी होते; कुणाच्या रानाला कधी, किती दिवसांनी पाणी सोडायचं, ते आवर्तन त्यांच्या हातात. त्यांनी फाट्यावरून हाळी दिली की तीन कोसांवरच्या चोरट्या मोटरी आपोआप बंद पडत. यात फार तर एका कोसाची भर माझी असेल.

आईची धाकटी बहीण, माळेगावची मावशी, पुढं झाली. "मी टाकला, दाजी. माझ्या बहिणीचे मासे काय उपाशी मारू?"

"आन् सकाळी?"

"सकाळी मी चपाती घातली व्हती," दारातून शेजारच्या काकू पुटपुटल्या.

दुखवट्याला येणाऱ्यांची आमच्याकडं रीतच आहे, घरच्या माणसाला दोन घास बळंच खायला लावायचे. तात्या तोंड उघडत नव्हते. मग ते घास आईच्या माशांच्या काचेच्या टाकीत जात होते. भाकरी, बिस्किट, शेव. एकानं तर पिठलंही वाढलं. काचेपलीकडं पाणी नव्हतं, ताक होतं. आठातले तीन मासे पोट वर करून तरंगत होते.

ती टाकी आईनं बारामतीहून आणलेली, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टरनं टाकीचं अर्धं तिकीट फाडलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. दर रविवारी चहा झाला की आई पदर खोचून तिचं पाणी बदलायची. तात्या म्हणायचे, "लोकांच्या रानाला न्हाय पाणी, आन् हिच्या माशांना आंघुळ."

मग ती आजारी पडली. बारामतीच्या दवाखान्यात तीन आठवडे. दिवसा तात्या, संध्याकाळी मी. घरी जायचं ते आंघोळीपुरतं. जाता-येता कुणीतरी चिमूटभर दाणे टाकायचं, तेवढ्यावर मासे तगले होते. रोज आई सुई टोचलेला हात हलवून मला जवळ बोलवायची.

"पाणी बदललं का रं?"

"बदललं की! तो नारंगी तर काचेला नाक लावून तुझी वाट बघतोय. काल शेपटीनं माझ्या तोंडावर पाणी उडवलं त्यानं."

ती हसायची. हसताना खोकला यायचा, तरी हसायची. टाकीला कुणाचं बोट लागलं नव्हतं. माझ्या थापा अख्ख्या तालुक्यात कुणी खऱ्या धरत नाही. ही एकच धरली गेली, आणि ती तिनं.

आता पाच मासे उरले होते. ते जगले, तर तिला सांगितलेलं उशिरानं का होईना, खरं होणार होतं. दुसऱ्या दिवशी मी, आईनं टाकी घेतली होती त्या बारामतीच्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "सगळं पाणी एकदम काढू नका. आठवड्याला चौथा हिस्सा. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवायचं, मग ओतायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतनं काढलेल्याच पाण्यात खळबळा. खाणं दिवसातनं एकदा, चिमूटभर. आणि घालणारा माणूस एकच."

घरी येऊन तात्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आवर्तन," म्हणाले.

त्या दिवसापासून ते टाकीशेजारी स्टूल टाकून बसले. कुणी मूठ घेऊन आलं की नुसता तळहात वर. दशक्रियेपर्यंत मग कुणाची मूठ उघडली नाही.

रविवारी त्यांनी माळ्यावरून एक नळी काढली. कालव्याच्या भरावावरून नळी टाकायची, तोंडानं ओढायची आणि पाणी पळवायचं, असल्या नळ्या जप्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यातली ही सगळ्यात बारीक. उकळत्या पाण्यातून काढून त्यांनी एक टोक टाकीत बुडवलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. तळाचा गाळ घेऊन पिवळं पाणी बादलीत पडायला लागलं. तात्या थुंकले.

"चोरांनी शिकवलेलं कामाला आलं," म्हणाले. हसले नाहीत.

असे आठ-नऊ रविवार गेले. शनिवारी मी बादल्या भरून ठेवायचो, रविवारी चहानंतर ते नळी धरायचे. मासे पाचच राहिले, पण पाचही राहिले. पाणी इतकं निवळलं की टाकीतून आरपार मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचता यायची. हे मात्र खरं आहे, कुणीही येऊन वाचावी.

अशाच एका रविवारी मी बादली धरून बसलो होतो. नारंगी काचेपाशी आला, थांबला. मला राहवलं नाही.

"तात्या, आई दवाखान्यात रोज इचारायची, पाणी बदललं का. मी व्हय म्हणायचो. एकदाबी बदललं नव्हतं."

त्यांनी नळी हलू दिली नाही. नजर पाण्याच्या रेघेवरच होती.

"सकाळी मला इचारायची," ते म्हणाले. "मीबी व्हयच म्हणायचो. बादली सरकीव, भरली."