न उतरलेला निळा

फोन करुणाच्या धाकट्या भावाचा होता. बदलापूरच्या घरी मी मेथी निवडत बसले होते. "ताई, करुणाताई गेली," एवढंच तो म्हणाला. बोटांना मेथीचा कडवट हिरवा वास होता. आता काही आठवडे उलटले, तरी मेथीची जुडी हातात घेणं मला जमलेलं नाही.

उल्हासनगरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. करुणा तिथेच जीवशास्त्र शिकवायची. माझा तास संपला की मी तिच्या प्रयोगशाळेत जाऊन बसे. तिथे आयोडीनचा तिखट दर्प असे आणि त्याखाली उकळलेल्या पिष्टाचा, कपड्यांना घालायच्या खळीसारखा मऊ वास. "आली का कवयित्री? बस, पण काही सांडू नकोस," हे तिचं स्वागत. तिचा लाडका प्रयोग लाळेचा. पिष्टाच्या पाण्यात आयोडीन टाकलं की गर्द निळा रंग येतो. लाळेतलं विकर त्या पिष्टाची साखर करू लागलं की निळा हळूहळू उतरतो. बर्फात काय होईल, कोमट पाण्यात काय, लिंबू पिळलं तर काय? कृती ती कधीच फळ्यावर लिहून देत नसे. "प्रयोग तुम्ही रचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार कसं?"

अडायचं ते लाळेपाशी. "शी, मॅडम! दुसऱ्याचं उष्टं? अपुन नाय हात लावणार." "वा रे वा! कॅन्टीनमध्ये एकमेकांच्या तोंडचा वडापाव ओढता, तेव्हा उष्टं कुठे जातं तुमचं?" असं म्हणत ती हसे आणि स्वतःचीच लाळ नळीत देई. बाईंचीच म्हटल्यावर मुलं निमूट नळी उचलत. एकदा, फक्त एकदाच, नळ्या विसळताना ती मला म्हणाली, "माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे गं. तिने हे पाहायला हवं होतं."

मग घशातली गाठ निघाली, किरणोपचार झाले आणि तिचं तोंड कोरडं पडलं. बोलताना जीभ टाळूला चिकटल्याचा बारीक आवाज येई. "लाळ परत येईल, कदाचित," डॉक्टर म्हणाले होते. त्या 'कदाचित'ला ती बुडत्या माणसासारखी धरून होती. ती रजेवर असल्याने यंदा तो प्रयोग पडद्यावर दाखवायचं ठरलं, तेव्हा तिचा मला फोन आला. "मी येतेय. प्रॅक्टिकल मुलांचं, आणि माझंही. निळा उतरला तर समजेन, मी परत येतेय."

"अगं, ते डॉक्टर तपासतील की."

"डॉक्टर कदाचित म्हणतात. आयोडीन कदाचित म्हणत नाही."

ती आली, गळ्याभोवती सुती ओढणी गुंडाळून. मुलांनी प्रयोग रचला. तिने तोंडात पाण्याचा घोट घोळवला आणि तो नळीत सोडला. मुस्कान नावाची एक सिंधी मुलगी पुढे झाली, "मॅम, मेरा भी लो ना, कंपेअर करू." मुस्कानच्या नळीतला थेंब आयोडीनला भेटला आणि थोड्याच वेळात निळा होईनासा झाला, नुसता पिवळट तपकिरी. करुणाचा थेंब निळाच. पुन्हा निळा. पुन्हा…

"पाणी गार झालं असेल," ती म्हणाली आणि तिने नळी मुठीत धरली. शेजारच्या मुलाने न विचारता ती आपल्या मुठीत घेतली. मग त्याच्या शेजारच्याने, मग मुस्कानने. अख्ख्या वर्गातून ती नळी ऊब घेत हातोहात फिरली. उष्टं हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. घंटा झाली, कुणी उठलं नाही. "टाइम जास्त देऊ या, मॅडम," "लिंबाचा हात लागला असेल, मॅडम," मुलं एकेक कारण शोधत होती, जणू नळीतलं काहीतरी बदललं की मॅडम वाचणार होत्या.

"एका वेळी एकच बदलायचं असतं, बाळांनो," ती अखेर म्हणाली. "माझ्यात सगळंच एकदम बदललंय." शेवटचा थेंब तिने स्वतःच टाकला. गर्द, शाईसारखा निळा. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग नळी स्टँडमध्ये नीट उभी करत म्हणाली, "हिला कंट्रोल म्हणा. जिच्यात काहीच घडत नाही, ती." त्यानंतर ती कॉलेजात आली नाही.

अंबरनाथ पश्चिमेच्या तिच्या घरी पुण्यानुमोदन झालं. बुद्धवंदना संपल्यावर पंगत बसली. तिच्या आईंनी माझ्या ताटात भात वाढला आणि वरण ओतू लागल्या, तशी मी नको म्हटलं. नव्या तुकडीला करुणा पहिल्याच दिवशी कोरड्या भाताचा घास द्यायची. गिळू नका, चावत राहा, जिभेवर काय होतं ते सांगा. मी घास तोंडात घेतला आणि चावत राहिले. भात गोड झाला. तिच्यावाचून, तिच्याच घरात, माझं तोंड आपलं काम बिनचूक करत होतं… आणि तो गोड घास मला काही केल्या गिळवेना.